दोन रेघा कमी

एक होता मोजणीदार, एक होती त्याची बायको, एक होता त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, एक होती सून औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी, आणि या चौघांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर होती एक पाणबुडी! हो हो, पाणबुडीच म्हटलं मी, बरोबर ऐकलंत! आणि ती बायको म्हणजे मीच, उगाच दुसऱ्या कुणाच्या नावावर कशाला खपवू, आणि त्या पाणबुडीपायी माझ्या हातून जे पाप घडलंय ना, तुम्हाला सांगते… नाही, थांबा, आधी पाणबुडी सांगते. पाप कुठे पळून जातंय!

तर आमच्या ह्यांनी जन्मभर जमिनी मोजल्या. साखळी, दुर्बीण, तिपाई, खुंट्या, उन्हातान्हात उभं राहून याची हद्द इथे आणि त्याची हद्द तिथे. लग्न झालं तेव्हा म्हणायचे, "दोन वर्षांत एक हद्द चुकली नाही माझी." मग दरवर्षी तो आकडा एकेकाने वाढत गेला, वाक्य तेच, आणि शेवटी चाळीसवर येऊन थांबला, कारण सरकारनेच थांबवला. निवृत्त झाले. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या अंगातली मोजणी कुठे निवृत्त होते? सकाळी उठले की टेप खिशात आणि चालले! शेजारी एक दातांचे डॉक्टर राहतात, त्यांची बेल वाजवून त्यांना सांगून आले, "तुमच्या गॅलरीचा कठडा दोन बोटं आमच्याकडे झुकलाय." आता तो बिचारा तोंडात ब्रश घालून दारात उभा, काय बोलणार? जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, तर म्हणे एकही पायरी दुसरीसारखी नाही. मी म्हटलं, "अहो, माणसं तरी कुठे एकमेकांसारखी असतात?" तर म्हणाले, "माणसांवर पाय ठेवून चढायचं नसतं."

मुलगा वैतागला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, बाबांना काहीतरी काम दे." मी कुठून काम देऊ? मलाच कोणी सुट्टी देत नाही! मग त्यानेच हे आणलं. कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला, पाणबुडीचा. "बाबा, यात तुमच्यासारखंच मोजायचं असतं," एवढं एकच वाक्य बोलला, आणि जो माणूस टीव्हीचा आवाज वाढवायलाही मला हाक मारत होता, तो खुर्ची ओढून तिथे बसला तो बसलाच.

आता हा खेळ काय आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला माझं पाप कळायचं नाही. आपण पाण्याखाली. वर नुसती एक नळी, तिच्यातून बघायचं. समोर पाणी, पाणी, पाणी… आणि पार तिकडे, कडेला, तिळाएवढी एक बोट. तिच्यावर टॉर्पेडो सोडायचा, म्हणजे पाण्यातून पळणारा बाण समजा. पण बोट किती लांब आहे ते कळल्याशिवाय बाण सोडून उपयोग काय? आणि या पाणबुडीत रडार नाही! मुलगा म्हणाला, "बाबा, इथे एक बटण आहे, ते चालू केलं की अंतर आपोआप दिसतं." झालं! "आपोआप? मग मी इथे काय शोभेला बसलोय?" बटण बंद, ते कायमचं बंद.

मग अंतर काढायचं कसं? तर नळीच्या काचेत बारीक रेघा आखलेल्या असतात, एकावर एक. आणि सोबत एक वही असते, तिच्यात सगळ्या बोटींची चित्रं, प्रत्येकीच्या डोलकाठीची उंची. आधी बोट ओळखायची. मग पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत किती रेघा भरतात ते मोजायचं. रेघा जास्त भरल्या तर बोट जवळ, कमी भरल्या तर लांब. मग उंचीला रेघांनी भागायचं, आणखी कशाने तरी गुणायचं, की अंतर हजर! यात काय मोठं? गल्लीच्या टोकाला आमची सून दिसते ती माझ्या नखाएवढी, दारात येते तेव्हा पुरती माझ्याएवढी, आणि घरात आली की माझ्याहून मोठी. मी शाळेची पायरी चढले नाही, पण हे मला कळतं.

पण ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही. सून वर्षभर मागे लागलीय, "बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे हो, करून टाका!" आणि हे म्हणतात, "डोळ्याला कोणी हत्यार लावलेलं मला चालणार नाही." त्यामुळे ह्यांना समुद्र दिसतो, बोट दिसते धुरकट, रेघा मात्र दिसत नाहीत. मग रेघा कोण मोजणार? "अगं ए, जरा इकडे ये गं!"

अशी मी पाणबुडीत उतरले, ओले हात पदराला पुसत.

अक्षर मला येत नाही, आकडे येतात, ह्यांच्या टेपवरूनच शिकले. आणि नजर? सुईत दोरा मी अजून एका झटक्यात ओवते. बोटींची नावं वाचता येईनात, तर मीच ठेवली. एक इस्त्री, पुढून टोकदार मागून सपाट. एक केटली. एक दोन धुराड्यांची. एक कंबरेत वाकलेली, ती विहीणबाई. हे विचारायचे, "कोण आहे?" मी सांगायची, "विहीणबाई." मग हे वही चाळून म्हणायचे, "विहीणबाई, अठ्ठावीस मीटर. डोळा, रेघा किती?" मला डोळाच म्हणायला लागले! चाळीस वर्षांत कौतुकाने एक नाव ठेवलं नाही, ते पाण्याखाली गेल्यावर ठेवलं.

पहिली बोट केटली होती. मी मोजल्या तशा रेघा सांगितल्या, ह्यांनी कागदावर भागाकार केला, पेन्सिल कानाला लावली, सोडला टॉर्पेडो. मी आपली बघतेय. आणि हो, बघता बघता मला दिसलं की त्या बोटीवर एका दोरीवर काहीतरी वाळत घातलंय. मी म्हटलं, "अहो, कपडे दिसतायत." तर म्हणाले, "ती निशाणं असतात, खुणेची." मी म्हटलं, "निशाणाला बाह्या असतात का?" ते काही बोलायच्या आत धडाड! केटली मधोमध फुटली, आग, काळा धूर, आणि अशी तोंड वर करून, अशी… गेली. पाण्यावर एक छोटी होडी राहिली, तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढी तीन माणसं. आणि आमचे हे टाळ्या वाजवतायत! "चौदाशे वीस! चौदाशे वीस काढलं होतं मी, बरोबर चौदाशे वीस!"

त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. सून म्हणाली, "आई, अहो तो खेळ आहे, चित्रं आहेत ती." असतील. पण बोटीवर माणसं असतील की नाही? कोणीतरी ते कपडे धुतले असतील, पिळले असतील, वारा कुठून येतोय ते बघून दोरीवर घातले असतील. चित्र काढणाऱ्याने उगाच काढले का ते?

दुसऱ्या दिवशी इस्त्री आली. "डोळा, रेघा किती?" आठ होत्या. स्वच्छ आठ. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "सहा."

"सहा?"

"सहा."

आता यात काय होतं बघा. आठ रेघा म्हणजे पंधराशे मीटर, सहा म्हणजे दोन हजार. बोट आहे त्याहून लांब वाटली की ती पळतेयही जोरात असा हिशेब निघतो, मग टॉर्पेडो तिच्या बराच पुढे टाकतात, आणि बोट बिचारी मागून आपली डुलत डुलत येतेय, तोवर तो तिच्या नाकासमोरून निघून गेलेला! हे मला कसं ठाऊक? अहो, ह्यांनीच समजावलं होतं, चांगला चहा गार करून, मन लावून. शिकवलं त्यांनी, आणि मी ते वापरलं त्यांच्यावरच!

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुढून गेला." इथे मात्र खरं सांगितलं हं! ह्यांनी वहीत लिहिलं. ह्यांची एक मोजणीवही असतेच, कशाचीही असते, तिच्यात लिहिलं: इस्त्री, सहा, दोन हजार, पुढून.

मग मला चटकच लागली. विहीणबाई आली, नऊच्या सात. दोन धुराड्यांची आली, दहाच्या आठ. दर वेळी दोन रेघा कमी. मी स्वयंपाकघरात जाऊन मनातल्या मनात मोजायची, आज एक वाचली, एकीवर पन्नास माणसं धरली तर पन्नास घरी गेली. एकोणीस बोटी वाचवल्या मी! तुम्हीच सांगा, बोटीवर माणसं असतील की नाही? मला वाटायचं, बाई, शाळेत गेली नाहीस, पण आयुष्यात एक मोठं काम केलंस.

आणि इकडे ज्या एका माणसाला बुडवत होते, त्याच्याकडे माझं लक्षच नाही!

आधी ते कागदावर दोनदा भागायला लागले. मग तीनदा. मग आंघोळीला गेले की आतून आवाज यायचा, "सतरा सत्ते एकशे एकोणीस, सतरा आठे एकशे छत्तीस…" मी बाहेरून विचारायची, "काय हो?" तर नळ मोठा सोडायचे. मग एके दिवशी बघते तर जुन्या पाकिटांच्या मागच्या बाजूला भागाकारच भागाकार, सहावीतल्या पोराने शिक्षा म्हणून लिहावेत तसे. आणि शेजारच्या डॉक्टरांनी गॅलरीत नवीन कुंड्या लावल्या, वेड्यावाकड्या, एक इकडे एक तिकडे, आणि हे त्यांच्याकडे बघून काही म्हणजे काही बोलले नाहीत!

जेवताना पेन्सिल खाली ठेवावी तसा चमचा खाली ठेवून म्हणाले, "माझं डोकं गेलं गं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. डोळा बरोबर सांगतोय, उंची वहीत छापलेली आहे, मग चूक कुठे उरली? भागाकारात. आणि भागाकार करणारा कोण? मी." मग म्हणाले, "हे आत्ताच गेलंय, की आधीपासूनच गेलेलं होतं? म्हणजे मी ज्या चाळीस वर्षांत मोजलं, त्या लोकांच्या हद्दी…"

तुम्हाला सांगते, तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, अहो, आठ होत्या. तीन शब्द! निघाले नाहीत. भाजी वाढू का, असं विचारलं मी. भाजी!

सून हुशार, तिने डोक्याच्या डॉक्टरांकडे नाव घातलं. गेलो आम्ही तिघं. तरुण होता डॉक्टर, गोड बोलणारा. "आजोबा, घड्याळ काढून दाखवा." ह्यांनी काढलं, मिनिटांच्या साठही खुणा घालून. "आजोबा, शंभरातून सात वजा करत चला." हे निघाले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी… डॉक्टर म्हणाला पुरे, तरी हे चाललेच, नऊ, दोन, उणे पाच, उणे बारा… डॉक्टर हसायला लागला. "आजोबा, तुमचं डोकं ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे." आणि आमचे हे त्या मुलाचा हात धरून काय म्हणतात? "मग डॉक्टर, बोटी का चुकतात?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. "आजी, घरात काही वेगळं वाटतंय का? काही बदल?"

बघा! पुन्हा दार उघडं होतं! आणि मी काय केलं? मी म्हटलं, "झोप जरा कमी झालीय." खरंच कमी झाली होती. माझी!

बोटीवर माणसं असतील की नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगणार? घरातही एक माणूस होता ना!

त्यानंतर आमच्या इमारतीचे लोक आले. मागची भिंत पाडून नवी बांधायची होती, त्यांना हद्द आखून हवी होती. पूर्वीचे दिवस असते तर हे पायात चप्पल न घालता धावले असते. यावेळी दारातच हात जोडले, "मला नका सांगू. माझ्या मापावर आता भिंत उभी करू नका. दुसरा माणूस बघा." ती माणसं गेली, आणि हे आत येऊन पलंगावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. चाळीस वर्षं जे वाक्य ऐकून माझे कान किटले होते, ते कोणीतरी ह्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं. कोणीतरी कसलं? मीच!

मग चमत्कार झाला. दोन दिवसांनी हे एकदम बदलले. माझ्याशी गोड बोलायला लागले! सकाळचा चहा करून आणला. मी भाजी चिरायला बसले तर म्हणाले, "दे, मी चिरतो, बोट कापून घेशील." जिन्यात माझा दंड धरला. "सावकाश, इथे पायरी आहे." पायरी आहे! तीस वर्षं त्याच पायरीवरून चढतेय मी! आणि अधूनमधून माझ्याकडे असं बघायचे, असं… कीव आल्यासारखं. मी सुनेला म्हटलं, "अगं, आता खरंच गेलं गं डोकं! हा माणूस माझ्याशी चांगला वागतोय!"

मग मी ठरवलं. बास. आता खऱ्या रेघा सांगायच्या. एक बोट बुडू दे, पन्नास माणसं जाऊ देत, माझ्या डोक्यावर पाप, पण ह्यांचा भागाकार बरोबर येऊ दे. बसले पाणबुडीत. आली कोण? विहीणबाई! दोरीवर बाह्या फडफडतायत! मी मनात म्हटलं, बायांनो, बाप्यांनो, माफ करा मला.

"डोळा, रेघा किती?"

"आठ," मी म्हटलं. खरोखर आठ होत्या.

ह्यांनी कागदावर लिहिलं. भागलं. गुणलं. टॉर्पेडो सुटला. मी डोळे मिटले. आता होईल, आता होईल… काहीच होईना! डोळे उघडून बघते तर विहीणबाई आपली पुढे निघून गेलेली, आणि टॉर्पेडो तिच्या मागून, तिने पाठ फिरवल्यावर, निवांत!

"मागून गेला," मी म्हटलं.

"मागून?" ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "मागून कसा जाईल?"

मी कागदाकडे बघितलं. आकडे येतात ना मला! "अहो, मी आठ सांगितलं, तुम्ही दहा का लिहिलंत?"

आणि मग तुम्हाला सांगते, या माणसाने काय सांगितलं! हळू आवाजात, माझ्याकडे न बघता. म्हणाले, "मी मोजणीवही काढून बसलो परवा. एकोणीस बोटी, एकोणीस वेळा पुढून. एकदाही मागून नाही. डोकं बिघडलेल्या माणसाची चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. दर वेळी एकाच बाजूला आणि एवढीच चूक झाली, तर ती माणसाची नसते, यंत्राची असते. आमची साखळी जुनी होऊन ताणली गेली की असंच व्हायचं, प्रत्येक माप एकाच बाजूला चुकायचं. मग साखळीला दोष द्यायचा नाही, किती ताणलीय ते बघायचं आणि तेवढं धरून चालायचं. मी धरून बघितलं. दोन रेघा कमी."

"म्हणजे?" मी म्हटलं, तरी मला कळलं होतं.

"म्हणजे तुझे डोळे अधू झालेत. तुला दोन रेघा कमी दिसतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, मीच गुपचूप दोन मिळवल्या. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुझं नाव घातलंय."

ऐकलंत? मी ह्यांना फसवत होते, आणि हे त्यासाठी मला चहा करून देत होते! जमीन दुभंगावी आणि मला… पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खाली फार तर दुसऱ्या मजल्यावरचे लोक दचकले असते.

मग म्हणाले, "पण आज मागून गेला. म्हणजे मी धरलं तेही चुकलं. तरी शनिवारी जाऊ. यंत्र एकदा तपासून घेतलं, ते बरोबर निघालं, की मग उरलो मीच."

तेव्हा तरी बोलले का? नाही!

शनिवारी निघालो. रस्ता ओलांडताना ह्यांनी माझा हात घट्ट धरला, "घाबरू नकोस, मी आहे," आणि असं म्हणत म्हणत स्वतः विजेच्या खांबावर जाऊन आदळले. पुन्हा खांबाला "सॉरी" म्हणाले.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर, जाड भिंगांचे. मी सांगितलं, मला अक्षर येत नाही, तर त्यांनी दुसरा तक्ता लावला, त्यात नुसते फणीसारखे आकार, लहान होत गेलेले. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत तेवढं हाताने दाखवायचं. आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आलं की चुकीचं सांगावं! डोळे अधू निघाले की सुटले मी, खोटं पचलं, कोणाला काही सांगायला नको. वर होते दात, मी खाली दाखवले. डावीकडे होते, उजवीकडे दाखवले. डॉक्टर "हं… हं…" करतायत. आणि बाजूच्या खुर्चीतून ह्यांचा आवाज आला, अगदी बारीक, "माझंच चुकलं. मीच तुला रोज त्या काचेसमोर बसवलं. माझ्या हौसेपायी तुझे डोळे गेले."

झालं हो! माझा बांधच फुटला! मी उठून उभी राहिले, डॉक्टर "आजी बसा, बसा" म्हणतायत आणि मी भिंतीकडे बोट करून सुटले, "वर, खाली, डावीकडे, डावीकडे, उजवीकडे, वर! शेवटच्या ओळीत आठ फण्या आहेत, तिसरीचे दात खाली! त्याच्याही खाली बारीक काहीतरी छापलंय, ते मला वाचता येत नाही, पण ती अकरा अक्षरं आहेत, मोजून घ्या!" डॉक्टर स्वतः उठले, तक्त्याला नाक लावलं, मोजलं. "अकरा," म्हणाले. आणि परत येऊन खुर्चीत बसून स्वतःचीच भिंगं पुसायला लागले.

आणि मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, आठ होत्या. मी सहा सांगितल्या. नऊ होत्या, सात सांगितल्या. सगळ्या, एकोणीसच्या एकोणीस. मला ती माणसं बुडलेली बघवेनात. तुमचं काही चुकलं नाही, माझेही डोळे गेले नाहीत, गेली ती फक्त अक्कल."

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठतील आणि एकटेच निघून जातील, पुन्हा खांबावर. मग विचारलं, "म्हणजे माझा भागाकार बरोबर होता?"

"हो."

"सगळे?"

"सगळे, हो."

"पाकिटांवरचेसुद्धा?"

"तेसुद्धा!"

आणि आमचे हे हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, पुसता पुसता पुन्हा हसले. "चाळीस वर्षं… अगं, चाळीस वर्षं एक नाही चुकली!" मी म्हटलं, "नाही हो, नाही चुकली," आणि मीही रडले, आणि तुम्हाला खरं सांगते, ते वाक्य मला त्या दिवशी गाण्यासारखं ऐकू आलं.

मग डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आलाच आहात तर तुम्हीही बसा खुर्चीत." सून वर्षभर घसा कोरडा करत होती, तिला दाद दिली नव्हती, आणि आता हे ताडकन जाऊन बसले! "डॉक्टर, लवकरातली लवकर तारीख द्या. डोळ्याला जे हत्यार लावायचं ते लावा. यापुढे मी स्वतः मोजणार, या बाईचा काडीचा भरवसा नाही!"

दोन्ही डोळे झाले, महिन्याच्या अंतराने. लख्ख! मग इमारतीच्या लोकांकडे स्वतः गेले, मागची हद्द आखून दिली, दोरी ताणून, खुंट्या ठोकून. भिंत उभी राहिलीय, जाऊन बघा, दोऱ्यासारखी सरळ! शेजारचे डॉक्टर आपणहून बेल वाजवून म्हणाले, "काका, माझ्या कुंड्या जरा बघता का?" मुलगा खूश, सून खूश, घरात हसणं-बोलणं, सगळं कसं भरून पावलं!

आणि पाणबुडी? बसतात की! स्वतः रेघा मोजतात, स्वतः भागतात, आणि मग ते आपोआपवालं बटण एकदाच दाबून ताडून बघतात. "तीन मीटरचा फरक! फक्त तीन!" आणि बोट जाते आपल्या वाटेने. पहिल्या दिवशी मी दाराआडून बघत होते, राहवेना, विचारलं, "टॉर्पेडो नाही सोडत?" तर माझ्याकडे वळून म्हणाले, "अंतर बरोबर आलं की माझं काम संपलं. पुढचं काम दुसऱ्या खात्याचं."

असे सात महिने गेले, दुसऱ्या खात्याचं कोणी आलं नाही. मग गेल्या आठवड्यात त्या खेळातूनच हुकूम आला, वरच्या कचेरीतून, काळ्या चौकटीत. सुनेने वाचून दाखवला. सात महिन्यांत एकही बोट बुडवली नाही, सबब कप्तानास पदावरून मुक्त करण्यात येत आहे, पाणबुडी बंदरात जमा करावी. माझ्यामुळे हो, माझ्याच त्या रडण्यामुळे! हे मात्र शांतपणे उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि निवृत्त झाले. दुसऱ्यांदा!

तर आता बघा, देवाच्या दयेने डोकं ठणठणीत आहे, डोळे लख्ख आहेत, खिशात टेप आहे, समुद्रावर जायचं नाहीये… आणि दिवसभर समोर फक्त मी आहे.